हसण्याचे निमित्त

माणसाने हसावयाचे ते कशाला तरी हसावयाचे, असा जगाचा रिवाज आहे. कारणावाचून हसणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. वर्गात तर तो गुन्हाच! ‘काय झाले हसायला?’ हा प्रश्न शिक्षकी पेशात मी हजारदा विचारला असेल, आणि ‘काही नाही, बाई’ हे उत्तर तितक्याच वेळा ऐकले असेल. मौज अशी, की ते उत्तर बहुधा अगदी खरे असते.

या ‘काही नाही’वर एका डॉक्टरने चळवळ उभी केली. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत अवघ्या पाच माणसांनिशी हास्यक्लब सुरू केला. प्रथम विनोद सांगत. पंधरवड्यात विनोदांचा साठा संपला. उरले ते कुणाला तरी बोचणारे. तेव्हा त्यांनी विनोदालाच रजा दिली. नुसते हसायचे, खोटे तर खोटे! घोळक्यात नजरेला नजर मिळाली, की खोटे हसू आपोआप खरे होते, असे त्यांचे म्हणणे. पत्नी माधुरीबाई योगशिक्षिका. हसण्याला दीर्घ श्वसनाची जोड मिळाली आणि हास्ययोग जन्माला आला.

माझे मामा त्र्याहत्तर वर्षांचे. मामी गेल्या आणि त्यांनी बोलणे टाकले. ताटावर बसत, दोन घास चिवडीत, उठत. पहाटे तीनलाच जाग येई. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे. ‘वय झाले, चालायचेच,’ असे सारे म्हणत. डॉक्टरांनी मात्र त्याला सरळ आजार म्हटले, गोळ्या दिल्या आणि हृदय, हर्निया वगैरे तपासून हास्यक्लबाला परवानगी दिली.

मामा माझ्यावर उसळले. “अगं, माझी बायको गेली आणि मी बागेत जाऊन खिदळू?”

याला काय उत्तर द्यावे? “मामा, हसू नका. नुसते उभे राहा,” एवढेच मी म्हणाले.

आठ दिवस ते खांबासारखे उभे राहिले. भोवती ‘हो हो, हा हा हा’ असा टाळ्यांचा ठेका. कुणी जीभ काढून सिंहासारखे हसे, कुणी रिकाम्या हातांनी लस्सी घुसळी. नवव्या दिवशी सर्दीमुळे ते गेले नाहीत, तर साडेसातला तिघे म्हातारे दारात हजर! “आज तुमची जागा रिकामी होती हो.” मामांनी उठून चहा टाकला. मामी गेल्यानंतर स्वतःहून केलेले ते त्यांचे पहिले काम.

मग गुण कशाचा, हसण्याचा की त्या तिघांचा? तेहरानमध्ये साठ ते ऐंशी वर्षांच्या खिन्न स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला हास्ययोग, दुसऱ्याला सामुदायिक व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या दोन्ही गटांची खिन्नता ओसरली, आणि त्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही! मला वाटते, चार माणसांत जाण्यासाठी म्हातारपणी एक निमित्त लागते. पूर्वी ते काकडआरती, भजन, गावचा पार पुरवीत असत. फ्लॅटच्या जगात ते हसणे पुरविते.

मामा अजून गोळ्या घेतात. मामींच्या फोटोपुढे अजून गप्प बसतात. पण सकाळी साडेसहाला पायांत चपला चढवतात.

या दिवाळीत शेजारच्या एकट्या आजोबांकडे फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा दारातूनच परतू नका. घटकाभर बसा. विनोद येत नसले, तरी मुळीच अडणार नाही.