शिल्लक विजेचा तपशील

आमच्या लहानशा गटाने हाती घेतलेल्या कार्यप्रणालीत लॅपटॉपच्या बॅटरीची स्थिती वरच्या प्रोग्रामांना कळवण्याची तरतूद करण्याचे काम जेव्हा माझ्याकडे आले, तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांची समजूत अशी होती की, एक टक्केवारी आणि उरलेली मिनिटे असे दोन आकडे हवाली केले की कारभार आटोपला. आणि ज्याला बॅटरी केवळ पडद्याच्या कोपऱ्यातच पाहायची आहे, त्याच्यापुरती ही समजूत गैरही नव्हती.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय संकेतानुसार यंत्राच्या फर्मवेअरने बॅटरीची मूळ क्षमता, शेवटच्या पूर्ण चार्जिंगची क्षमता, सध्याची शिल्लक आणि खर्चाचा वेग यांची रीतसर माहिती द्यावयाची असते. परंतु कोणते फर्मवेअर मिलिवॉट-तासांत बोलते, तर कोणते मिलिअँपिअर-तासांत. म्हणजे एकीकडे ऊर्जा, दुसरीकडे विद्युत्प्रभार, आणि त्या दोहोंचा सांधा जोडणारे व्होल्टेज तर बॅटरी उतरेल तसे स्वतःही उतरत जाणारे. "व्होल्टेजने गुणून सगळ्यांचे वॉट-तास करून टाका की!" असे एकाने सुचवले, ते मी नामंजूर केले, कारण त्या गुणाकारातून निघालेला आकडा मोजलेला नसून मानलेला असतो, आणि एकदा कर्नलच्या मुखातून बाहेर पडल्यावर तो मानलेला आहे हे कोणास कळणार? लिनक्सने आपल्या नव्या रचनेत ऊर्जेची आणि प्रभाराची खाती निराळी ठेवून प्रत्येक फाइलीत एकच आकडा असा जो दंडक घातला, तो मी जसाच्या तसा उचलला. त्याच लिनक्सच्या जुन्या रचनेतील मजकुराचे तक्ते उलगडण्यात ज्याने वेळ दवडला आहे, त्याला याचे समर्थन ऐकवावे लागत नाही.

खरा वाद पेटला तो दोन बॅटऱ्यांच्या लॅपटॉपवरून. काही थिंकपॅडांत एक बॅटरी आत आणि दुसरी मागे बसते. समजा, २४ वॉट-तासांची एक काठोकाठ भरली आहे आणि ७२ वॉट-तासांची दुसरी रिकामी आहे. टक्केवाऱ्यांची सरासरी काढणारा पन्नास टक्के सांगेल, वस्तुतः शिल्लक पंचवीस टक्केच. म्हणून प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र निर्देशिका दिली आणि बेरीज कर्नलच्या अखत्यारीबाहेर ठेवली.

उरला प्रश्न अज्ञानाचा. फर्मवेअरला खर्चाचा वेग किंवा शिल्लक ठाऊक नसल्यास एसीपीआयमध्ये त्या जागी ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या येते. ती तशीच पुढे धाडणे हास्यास्पद. पण तिच्या जागी शून्य भरणे, जे आमच्यातील काहींना सभ्यपणाचे वाटत होते, त्याहून घातक, कारण शिल्लक शून्य दिसताच यंत्र निद्रिस्त करण्याच्या कामी तैनात असलेला प्रोग्राम तत्काळ आपले कर्तव्य बजावतो. तेव्हा अशा प्रसंगी वाचनाने त्रुटीच परत करावी, असे मी मसुद्यात लिहिले आणि त्यावर हटून बसलो.

"मग मिनिटे मी कोठून आणू?" पडद्याची पट्टी लिहिणाऱ्या सहकाऱ्याने त्राग्याने विचारले. शिल्लक आणि खर्चाचा वेग हे दोन आकडे मी त्याच्या स्वाधीन केले. त्याने गेल्या काही मिनिटांची सरासरी धरून भागाकार केला. आणि व्हिडिओ सुरू होताच तीन तासांचे दोन तास कसे झाले, या तक्रारी तेव्हापासून त्याच्या दप्तरी दाखल होतात.