कलम १५३-अ

जन्म १८९८ चा, इंग्रज अमदानीतला. आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या १२४-अ खाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. सरकारने ते कलम आणखी आवळले आणि त्याच दुरुस्तीत या धाकट्याला भारतीय दंडविधानात आणून बसवले. थोरल्याने सरकारविरुद्धचा असंतोष हुंगायचा, धाकट्याने प्रजेचे आपापसातले वैर. १९२७ साली लाहोरच्या हायकोर्टाने ‘रंगीला रसूल’ या पुस्तकाच्या प्रकाशकाला सोडले, कारण धर्मसंस्थापकावरची टीका याच्या कक्षेत बसेना. मग पाठोपाठ २९५-अ हे भावंड आले.

याचे बोलणे लांबलचक. धर्म, वंश, भाषा, जात, जन्मस्थान, कशाच्याही आधाराने दोन समाजांत वैर पेरणारा, मग तो बोलून पेरो, लिहून पेरो की नुसत्या खुणेने. तीन वर्षांपर्यंत कैद. प्रार्थनास्थळात केले तर पाच. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटावाचून उचलू शकतात.

हे कलम नकोच, असे मी म्हणणार नाही. तलवारी निघण्याआधी कुणीतरी माइकवरून एका वस्तीकडे बोट दाखवलेले असते. त्या वस्तीतल्या माणसाच्या पाठीशी कायद्याने उभे राहायला हवे, आणि ते काम दंडविधानाने याच्यावर सोपवले आहे. माझा राग आहे तो याच्या चालण्यावर.

मुंबईच्या दंगलीनंतर, १९९३ मध्ये, महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा हायकोर्टात गेले. ‘सामना’तल्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांच्यावर खटला भरा, एवढीच त्यांची मागणी. याचिका फेटाळली गेली. या कलमाखालच्या खटल्याला सरकारची मंजुरी लागते. दंगलीतल्या लिखाणाबद्दलची एक मंजुरी मिळाली ती २००० साली. जुलैत ठाकऱ्यांना अटक झाली, आणि त्याच दिवशी भोईवाडा न्यायालयाने सांगितले की खटल्याची मुदत कधीच टळून गेली आहे. ज्यांची घरे जळली होती त्यांच्यासाठी हे कलम सात वर्षांनी उठले आणि दारातूनच परतले.

आता पुणे. ५ जानेवारी २००४ रोजी जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसला, हस्तलिखितांची नासधूस केली. निमित्त जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. प्रकाशकाने ते आदल्या नोव्हेंबरातच माफी मागून मागे घेतले होते. तरी काही दिवसांत १५३-अ डेक्कन पोलीस ठाण्यात हजर झाले, लेखकावर आणि पुस्तक छापणाऱ्यांवर! त्या पुस्तकातला मजकूर अनेकांना जिव्हारी लागला, हे खरे. त्याला उत्तर लिहिता आले असते, आणि लिहिलेही गेले. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये तो गुन्हा रद्द करताना सांगितले, की वैर पसरवण्याचा हेतू हाच या अपराधाचा गाभा. पुस्तक सबंध वाचा, सुटे वाक्य उचलू नका, आणि खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीने वाचा. हे सांगायला तीन वर्षे लागली. तेवढ्या काळात लिहिणाऱ्या कितीजणांनी आपली वाक्ये आपणच खोडली असतील, याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही.

पोलीस ठाण्यात हेतू कोण तपासतो? तिथे बाहेर उभ्या जमावाचा आवाज आधी ऐकू येतो. ज्याचा जमाव मोठा, त्याच्या भावना आधी दुखावतात, आणि हे कलम त्याच्या मागे चालू लागते. ज्याच्यासाठी कुणी जमत नाही, त्याने अर्ज देऊन घरी जायचे. २०२३ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावले की द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा. आदेश चांगला, पण उचलायचे कुणाला आणि सोडायचे कुणाला, ते ठरवणारे हात तेच राहिले.

१ जुलै २०२४ पासून याचा मुक्काम भारतीय न्याय संहितेत आहे, कलम १९६ या नावाने. शब्द बहुतेक जुनेच. सरकारी मंजुरीची अटही तशीच. ती किती दिवसांत द्यायची किंवा नाकारायची, हे मात्र नव्या कायद्यातही लिहिलेले नाही. आधी ते लिहा.