शाळेला शेरा कोण देणार?

'गुणवत्ता' हा शब्द ऐकला की आपल्या लोकांचे कान टवकारतात. ते साहजिकच आहे. आरक्षणाच्या विरोधात इतकी वर्षे हाच शब्द आपल्या अंगावर फेकला गेला. त्यामुळे शाळांचं मूल्यांकन, मानांकन असं काही निघालं की आपले कार्यकर्ते एकतर हसतात, नाहीतर 'हे मास्तरांचं काम' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. शाळेकडून हिशेब मागणं ही मुळात आपली मागणी आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेलं निवेदन आपण भाषणात नेहमी सांगतो. रयतेचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातला भाग सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच निवेदनात शाळा तपासणीबद्दलही लिहिलं आहे. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर येऊन गेल्याने काही साधत नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि मधूनमधून आगाऊ न कळवता शाळेत जावं, असं जोतीराव सांगतात. गावच्या, जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांना सवड नसते आणि आले तरी वरवर पाहून जातात, हेही सांगतात. पुढे १९२७ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना सरकारपुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात. मग उरलेल्या ब्याऐंशींचं काय? शाळा कशी आहे हे त्यांनी इमारतीवरून ठरवलं नाही, गळालेल्या मुलांवरून ठरवलं. आणि जबाब मुलांकडून किंवा त्यांच्या आईबापांकडून नाही, सरकारकडून मागितला.

आता आजची पद्धत पाहा. आधी 'शाळासिद्धी' आली. तिच्यात सात क्षेत्रं, ४६ मानकं, तीन स्तर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा' आला, त्यात १२८ मानकं. दोन्हींचा पाया स्वयंमूल्यांकन. म्हणजे शाळेने स्वतःच स्वतःला स्तर द्यायचा, पुरावे जोडायचे आणि ऑनलाइन भरायचं. बाहेरून कुणी पडताळायला येणार असेल तर ते आधी कळतं. मग रांगोळी, स्वागतगीत, फलकावर सुविचार. जोतीरावांची 'न कळवता या' ही सूचना दीडशे वर्षं होत आली तरी कागदावरच आहे.

मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काही काळ शिक्षणप्रेमी सदस्य होते. मूल्यांकन भरायची शेवटची तारीख जवळ आली, तेव्हा मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका शाळा सुटल्यावर मोबाइलच्या नेटवर बसून माहिती भरत होते. दिवसभरातले तासही त्यातच गेलेले. 'स्वच्छतागृह' या मुद्द्यापुढे वरचा स्तर, पुरावा म्हणून रंगवलेल्या दाराचा फोटो. आत नळ होता, पाणी नव्हतं. सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस का येत नाहीत, हे वस्तीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. 'समाजाचा सहभाग' यापुढेही वरचा स्तर. पुरावा, २६ जानेवारीच्या झेंडावंदनाचा फोटो. समितीच्या बैठकीचं रजिस्टर मात्र एका पोराच्या हातून घरोघर सह्यांसाठी फिरायचं.

तो भरलेला अहवाल बैठकीत मोठ्याने वाचा, असा मी आग्रह धरला. सर नाराज झाले, पण वाचला. वाचून संपल्यावर आमच्या वस्तीतली एक बाई, जी तोवर एकाही बैठकीत बोलली नव्हती, उभी राहिली. "सर, माझी पोरगी चौथीत हाय. तिला धडा वाचता येत नाही. ते ह्याच्यात कोण्या खान्यात लिवलंय?" सर गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प. खाने होते ना, 'अध्ययन निष्पत्ती' वगैरे. पण त्या खान्यात तिची पोरगी नव्हती, टक्केवारी होती.

इथे मला शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण आपल्यातले काही जण सगळा राग मास्तरांवर काढून मोकळे होतात. ते सर काही कामचुकार नव्हते. दोन शिक्षकांनी सात वर्ग सांभाळायचे, खिचडीचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीची कामं करायची आणि वर १२८ मानकांचे पुरावे गोळा करायचे. खालचा स्तर लिहिला तर वरून विचारणा, वरचा लिहिला तर शाबासकी. अशा वेळी माणूस काय लिहील? शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा तर सरकारचा नापास विषय, पण सरकारच्या प्रगतिपुस्तकाला खानाच नाही. उलट २०१७ मध्ये पटसंख्या कमी म्हणून राज्यातल्या शेकडो शाळा बंद करायला काढल्या, तेव्हा वाडी-तांड्यावरच्या पोरांनी किती चालायचं हे आधी विचारलं गेलं नाही. उद्या स्तर खालचा आला म्हणून शाळा उचलायची ठरली, तर आपल्याकडे काय उत्तर आहे, याचा विचार आत्ताच हवा.

आणि ज्यांना जबाबदारी नको आहे त्यांचं काय चाललंय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. पण विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही. त्यांच्यावर २५ टक्के प्रवेशाचं एक बंधन होतं, तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिथे काढून टाकलं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली म्हणून वाचलो. म्हणजे गरिबाच्या शाळेने दाराचा फोटो टाकायचा आणि पैसेवाल्याच्या शाळेने दारच लावून घ्यायचं.

मानकांच्या यादीत अजून बरंच शोधायला हवं. वर्ग कोणाची पोरं झाडतात? मागच्या बाकावर कोण बसतं? खिचडी शिजवणारी बाई कोणत्या वस्तीतली, आणि तिच्या हातचं कोण खात नाही? कलम ८ आणि ९ प्रमाणे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी शाळेत भेदभाव होऊ न देणं हे सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. त्याचा पुरावा फोटोत येत नाही. तो पोरांशी बोलल्यावर मिळतो.

म्हणून तालुक्यातल्या पोरांना मी एवढंच सांगते की मोर्च्याइतकंच हेही काम करा. आपल्या शाळेचा भरलेला अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. नाही म्हणाले तर अपील करा. समितीची निवड पालकसभेत झाली का, की नावं आधीच ठरली होती, ते बघा. वस्तीतल्या दोन-तीन आयांना घेऊन महिन्यातून एकदा न सांगता शाळेत जा. भांडायला नाही, पोरांचं वाचन ऐकायला. तक्रार असेल तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्या, त्यांना तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या शाळेत पुढच्या वर्षी समितीने बसून स्तर भरले. पाण्याच्या मुद्द्याला सर्वांत खालचा, वाचनालाही खालचा. ठराव इतिवृत्तात लिहिला, खाली आयांच्या सह्या, दोघींचे अंगठे. चार दिवसांनी सरांना वरून फोन आला की गेल्या वर्षीपेक्षा शाळा खाली कशी घसरली, दुरुस्त करून पाठवा. सरांनी मला विचारलं, "ताई, काय करू?" मी म्हटलं, "इतिवृत्ताची प्रत जोडा." त्यांनी ती जोडली. नळाला पाणी आलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी, ग्रामपंचायतीच्या निधीतून. ती पोरगी आता सहावीत आहे आणि अडखळत का होईना, वाचते. वाचनाचा स्तर आम्ही अजून वाढवलेला नाही.