अपुऱ्या वह्या

आपल्याकडील भुतांची वंशावळ जरा बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ती बहुतेक सारी कशाच्या तरी अध्यावर तुटलेली माणसे असतात. मुंज झाली, पण लग्नाची अक्षत डोक्यावर पडली नाही, तो मुंजा. बाळंतपणात जी गेली ती हडळ. ज्याची वासना घरादारात गुंतून राहिली आणि ज्याच्यामागे पिंड द्यायला कोणी उरले नाही, तो समंध. भरल्या घरातून, नातवंडांच्या हातचे पाणी पिऊन गेलेला म्हातारा भूत झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. भूतयोनी ही दुष्टांपेक्षा अपुऱ्यांसाठीच अधिक राखून ठेवलेली असावी!

हा विचार सुचण्यास कारण माझ्या कपाटातील अकरा वह्या. वसईच्या मोहिमेवर अनेक भागांची एक कादंबरीमाला लिहिण्याचा संकल्प मी तरुणपणी केला होता. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला तो मुलूख, १७३७ साली चिमाजीअप्पांनी आरंभिलेली मोहीम, आणि १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी भगदाडे पडून हाती आलेला किल्ला, हा तिचा इतिहास. आणि विहिरींतून, पिंपळांवरून, तटाच्या सावलीतून वावरत दोन्ही सैन्यांना सारखीच छळणारी पिशाचसृष्टी, हे तिचे अद्भुत. मराठी कादंबरीला हे दोन्ही रस लहानपणापासूनच परिचयाचे आहेत. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, तर गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ चे. या दोन प्रवाहांचा संगम करावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. तीन भाग पुरे झाले. चौथ्यात सुरुंगाला बत्ती देण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत कथा आली, आणि बदल्या, बिऱ्हाडे, आजारपणे यांच्या रगाड्यात लेखणी थांबली ती चौदा वर्षे. इतिहासातील वेढा दोन वर्षांत उठला. माझे मोर्चेकरी अद्याप तटाखाली बसून आहेत.

प्रचंड कथांच्या नशिबी हे नेहमीच येते. ‘चंद्रकांता’कार देवकीनंदन खत्री १९१३ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘भूतनाथ’ अपुरेच होते. ते पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्णत्वास नेले. पित्याचे असे श्राद्ध क्वचितच कोणा मुलाने केले असेल. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने काढलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. कथेचा धनी बदलला, पण कथा निर्वंश झाली नाही. माझ्या वह्यांना मात्र असा वारस नाही. मुलगी पूल बांधण्याच्या कामात आहे, ती प्रेमाने म्हणते, “बाबा, तुमच्या भुतांचे वजन किती, ते सांगा, मग पाहू!” तेव्हा मी न लिहिले तर या वह्यांचा समंध होणार, हे उघड आहे.

परंतु वह्या पुन्हा उघडल्या त्या या भीतीने नव्हे. गेल्या वर्षी जुन्या घराची वाटणी झाली, तेव्हा एका वृद्ध आत्येने सहज एक हकीकत सांगितली. माझ्या आजीची थोरली बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली. तिने परत येऊ नये, म्हणून प्रेत नेताना वाटेवर राळे टाकले आणि उंबऱ्यात खिळा ठोकला. आजी तेव्हा सात वर्षांची. पुढे त्या घरात तिचे नाव कोणी घेतले नाही. आत्येलाही ते ठाऊक नाही. मूल जगले होते, आणि रात्री रडत होते.

माझ्या तीन भागांत एक हडळ आहे. तिचे केस, तिचे उलटे पाय, मांत्रिकाने तिला बाटलीत उतरवल्याचा प्रसंग, सारे यथास्थित आहे. वाचणाऱ्यांना तो प्रसंग आवडला होता. आत्येची हकीकत ऐकल्यापासून मात्र मला त्या मांत्रिकाच्या बाजूला उभे राहून पाहता येईना. तिला घरात का यायचे होते, हा प्रश्न त्या तीन भागांत कोणीच विचारलेला नाही.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने ‘अर्थसी’ या कल्पित द्वीपसमूहाच्या कथांचे पहिले तीन भाग १९६८ ते १९७२ या काळात प्रसिद्ध केले. चौथा, ‘टेहानू’, १९९० मध्ये आला. बेटे तीच, जादूचे नियमही तेच. पण महाजादूगार आता सामर्थ्य गमावून परतला आहे, आणि कथा आपण पाहतो ती एका प्रौढ विधवेच्या डोळ्यांनी, तिच्या शेतघरातून. अठरा वर्षांत जग बदलले नव्हते. त्याकडे पाहण्याची जागा बदलली होती. दीर्घ खंडानंतर कथेकडे परतणाऱ्याला याहून मोठे आश्वासन कोणते? हरवलेला जुना आवेश शोधत बसण्याचे कारण नाही. तो येत नाही, आणि त्याची गरजही नसते.

अर्थात कष्ट काही चुकत नाहीत. सध्या मी जुन्या भागांतील मृतांची यादी करीत आहे. साध्या ऐतिहासिक कादंबरीत मेलेला माणूस निदान मेलेला तरी राहतो. माझ्याकडे त्यांतील निम्मे पुन्हा बोलू लागतात, आणि कोणाला कोणती गोष्ट मरण्यापूर्वी ठाऊक होती, हे जपावे लागते. रोज रात्री दोन पाने होतात, कधी एकच.

सुरुंगाची बत्ती अजून पेटायची आहे. तत्पूर्वी एक काम होते, ते परवा झाले. तीन भाग निनावी वावरलेल्या त्या हडळीला मी नाव दिले. नाव मिळताच ती तटाकडे गेली नाही, विहिरीकडेही नाही. रडण्याच्या आवाजाच्या रोखाने चालू लागली. वाटेवर राळे पसरलेले आहेत. ती ते एकेक करून वेचीत आहे, आणि मी लिहीत आहे.