नातीची रॅकेट

गेल्या दसऱ्यास आमच्या घरीं शस्त्रपूजेच्या पाटावर एक नवें शस्त्र मांडलें गेलें. विळी, अडकित्ता, चिरंजीवांचा पेचकस आणि सूनबाईंचा लॅपटॉप यांच्या रांगेंत टेनिसची एक कोरी रॅकेट झेंडूचें फूल मिरवीत बसली होती. ती आम्हीं स्वतः बाजारांत जाऊन, दहाबारा रॅकेटी हातांत घेऊन, आमच्या बारा वर्षांच्या नातीकरितां निवडून आणिली होती. अशी निवड करण्याचा अधिकार आपणांस आहे, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नव्हती. त्या निवडीचें पुढें काय झालें तें येथें सांगावयाचें आहे. कारण ज्या घरांत मूल नुकतेंच खेळूं लागलें आहे, तेथील वडील माणसें हीच चूक मोठ्या प्रेमानें करितात, असें आम्हांस मागाहून दिसून आलें.

आमचा अधिकार म्हणजे काय, तर तरुणपणीं शाळेमागील मुरमाच्या कोर्टावर आम्ही लांकडी रॅकेटीनें खेळलों होतों. ती साडेतेरा औंसांची, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ३८३ ग्रॅमची होती. जड रॅकेट बाळगणें हें त्या काळीं पुरुषार्थाचें लक्षण समजत. आतां दुकानदारानें पुढें ठेविलेल्या रॅकेटी ग्राफाइटच्या. एकीवर २५५, दुसरीवर २७०, तिसरीवर ३०० असे ग्रॅमचे आंकडे छापलेले. पहिली हातांत घेतली, तों विंझणा धरल्यासारखें वाटलें. “ही खेळावयाची कीं वारा घालावयाची?” असें आम्हीं विचारलें, आणि दुकानदार बिचारा हंसला. पोर वाढणारच, वर्षभरांत हलकी अपुरी पडेल, मग दुप्पट खर्च कशास, असा हिशेब करून आम्हीं ३०० ची उचलली. वाढत्या अंगाचा परकर शिवावा, तशी ही वाढत्या हाताची रॅकेट! घरीं आल्यावर आमच्या कुटुंबानें ती उचलून पाहिली आणि एवढेंच म्हटलें, “अहो, परकराला दुमड घालतां येते, हिला कोठें घालणार?” आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

नातीनें रॅकेट मोठ्या अभिमानानें मिरविली. रोज सकाळीं टेकडीखालच्या कोर्टावर ती खेळे आणि आम्ही बांकावर बसून पाहत असूं. पहिलीं पंधरावीस मिनिटें सारें ठीक चाले. मग हळूहळू फटका उशिरां बसूं लागे. शरीराच्या पुढें भेटावयाचा चेंडू बरगडीपाशीं भेटे आणि जाळ्यांत जाई. सर्व्हिस करतांना कोपर खालीं येई. दोन फटक्यांच्या मध्यें ती डाव्या हातानें रॅकेटीची मान धरून उभी राही. हीं सर्व चिन्हें आमच्या डोळ्यांसमोर घडत होतीं. पण चौतीस वर्षें मास्तरकी केलेल्या मनुष्यास चूक म्हटली कीं ती विद्यार्थ्याचीच दिसते. “खांदा वापर! खांदा वापर!” असें आम्ही बांकावरून ओरडत असूं.

मार्गशीर्षांत एके दिवशीं चार पाहुणे जेवावयास होते. नात पंक्तींत पाणी वाढीत होती, तें डाव्या हातानें. आजीनें तिला टोकलें. तिनें तांब्या उजव्या हातांत घेतला, दोन पावलें गेली आणि तो खालीं ठेविला. डोळे भरून आले होते. आंत नेऊन विचारतां कळलें, कीं तीन आठवडे तिला उजव्या हातानें भरला तांब्या उचलवत नव्हता; दप्तरही ती डाव्याच खांद्यावर नेत होती. सांगितलें कां नाहींस, असें विचारल्यावर उत्तर आलें, “आजोबांनी एवढी हौसेनें आणलीय ना.” आम्ही दाराबाहेर उभे होतों. पुढील घास आमच्या घशाखालीं उतरला नाहीं.

डॉक्टरांनीं हात तपासला. कोपराच्या बाहेरच्या अंगाच्या ज्या दुखण्यास या खेळाचेंच नांव पडलें आहे, त्याची ती सुरुवात होती. वेळींच आलांत, कांहीं आठवडे रॅकेटीस हात लावूं नये, असें ते म्हणाले. त्या रात्रीं आम्हीं स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर ती रॅकेट ठेविली. कांटा ३२३ वर थांबला. छापील आंकडा बहुधा नुसत्या चौकटीचा असतो. गटिंगची जाळी विणल्यावर पंधरासोळा ग्रॅम वाढतात आणि मुठीवर मऊ पट्टी गुंडाळली कीं आणखी पांचसहा. ही साधी बेरीज आम्हीं दुकानांत केली नव्हती.

तिला खेळ शिकविणाऱ्या बाईंकडे आम्ही खालीं मान घालून गेलों. बाई वयानें आमच्या विद्यार्थिनींएवढ्या. परंतु त्या दिवशीं विद्यार्थी आम्ही होतों. त्यांनीं आमची रॅकेट बोटावर आडवी तोलून दाखविली. सत्तावीस इंची रॅकेटीचा मध्य मुठीच्या टोंकापासून सुमारें सव्वाचौतीस सेंटिमीटरांवर येतो. तोल त्याच्या अलीकडे, मुठीकडे असेल, तर रॅकेट आहे त्याहून हलकी भासते. पलीकडे, डोक्याकडे असेल, तर जड. हातोडा दांड्यानें धरून फिरवावा आणि मग डोक्याकडून धरून फिरवावा, म्हणजे हें कोणासही कळेल. वजन तेंच, श्रम मात्र निराळे. फिरत्या वस्तूंत अंतराचा वर्ग मोजावा लागतो. म्हणून तिप्पट अंतरावर चिकटविलेली शिशाची पट्टी नऊपट जड होते. आमची ३०० ची रॅकेट डोक्याकडे झुकणारी निघाली. एकूण काय, वजन आणि तोल या दोहोंकडून आम्हीं त्या पोरीच्या कोपरावर भार टाकिला होता.

यावर “मग सर्वांत हलकीच द्या” असें आम्ही म्हणालों, तेव्हां बाईंनीं मान हलविली. चेंडूचें वजन नियमानें ५६ ते ५९.४ ग्रॅम असतें. तो वेगानें येऊन आदळला, कीं फार हलकी रॅकेट मागें ढकलली जाते, मुठींत पिळवटते आणि तो हादरा थेट हातांत उतरतो. वजन हें हाताचें ओझें आहे तसेंच हाताची ढालही आहे. आमच्या लांकडी रॅकेटीनें आमचें कोपर कां दुखविलें नाहीं, तेंही तेव्हां उमगलें: लांकूड जड होतें, पण वांकत असे, आणि आम्ही फटके सावकाश मारीत होतों. आजचीं मुलें चेंडूस फिरकी देण्यासाठीं रॅकेट खालून वर चाबकासारखी नेतात. खेळाच्या नियमांत रॅकेटीच्या लांबीस ७३.७ सेंटिमीटरांची मर्यादा आहे, वजनास कसलीच नाहीं. पीट सॅम्प्राससारखा खेळाडू आपली मुळचीच जड रॅकेट शिसें लावून आणखी जड करी. पण तो हात सॅम्प्रासचा होता.

आम्हांस सर्वांत लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. वासिष्ठ धनुर्वेदांत धनुष्य आपल्या बाहुबलाहून किंचित् कमीच असावें, धनुष्यापेक्षां धनुर्धर बलवान् असलेला बरा, असें स्पष्ट सांगितलें आहे. संस्कृतच्या तासाला ही गोष्ट आम्हीं अनेक वर्षें मुलांस रंगवून सांगितली. दुकानांत मात्र ती आठवली नाहीं.

संक्रांतीनंतर हात बरा झाला, तेव्हां बाईंनीं तीन रॅकेटी काढून त्यांच्या आंकड्यांवर कागद चिकटविले. एकेका दिवशीं एकेक घेऊन पुरा तासभर खेळावयाचें, आणि आम्हीं फक्त शेवटचीं पंधरा मिनिटें पाहावयाचीं, अशी अट होती. दुकानांत रॅकेट हातांत घेऊन जें कळतें तें पहिल्या मिनिटाचें. निवड करावयाची ती साठाव्या मिनिटाकरितां. पहिली, सव्वीस इंची, तिला फार आवडली. पण शेजारच्या थोरल्या मुलाचे जोरदार चेंडू आले, तेव्हां ती मुठींत फिरूं लागली. तिसरीनें फटके छान बसले, परंतु चाळीस मिनिटांनीं डावा हात पुन्हा रॅकेटीच्या मानेकडे गेला. मधलीनें मात्र शेवटचा चेंडूही शरीराच्या पुढेंच भेटला. कागद काढून पाहतों तों आंकडा २५५; सत्तावीस इंची, तोल मुठीकडे. दुकानांत जीस आम्हीं विंझणा म्हटलें होतें, तीच जात!

ती ३०० ची कपाटांत पडून होती. माघांत एके संध्याकाळीं सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, ती रॅकेट कोणी वापरीत नाहीं ना? मी नेऊं?” आम्हांस एकदम पंडिता क्षमा राव यांची आठवण झाली. ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या या संस्कृत कवयित्री स्वतः टेनिस खेळत, आणि त्यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विंबल्डनमध्यें सामना जिंकला. तसें करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या घरीं खेळ आईकडून लेकीकडे गेला असावा. आमच्या घरीं तो लेकीकडून आईकडे चालला होता. बाईंनीं सूनबाईंचा हात पाहिला, मुठीच्या आंत थोडें शिसें भरून तोल अलीकडे आणिला आणि नेण्यास परवानगी दिली. वजन त्यामुळें वाढलेंच. पण हातास तें जाणवत नाहीं, असें सूनबाई सांगतात.

आतां सकाळीं आमच्या बांकावर आणखी एक प्रेक्षक असतो. आपला तास संपला कीं नात आमच्या शेजारीं येऊन बसते आणि कोर्टाकडे पाहून ओरडते, “आई, खांदा वापर!”