शीवचा मेकॅनिक चेंबूरला निघतो

एप्रिल. उकाडा वाढला की शीवमधल्या एसी दुरुस्तीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. त्याचा गाळा गल्लीत सगळ्यांना ठाऊक. आता त्याला चेंबूर, कुर्ला, वडाळाही हवंय.

पूर्वी असा धंदा पसरायचा तो वॉचमनच्या ओळखीने आणि लिफ्टमधल्या स्टिकरने. 1996 साली जस्टडायल सुरू झालं आणि फोनवर विचारलं की चार नंबर मिळू लागले. आज घामाघूम गिऱ्हाईक थेट गुगल मॅप्स उघडतं.

तिथे कोण वर दिसणार याचा गुगलचा हिशेब उघड आहे: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. घरी जाऊन सेवा देणाऱ्याला धंद्याच्या गुगल प्रोफाइलमध्ये जास्तीत जास्त 20 भागांची नावं देता येतात. पण यादीत चेंबूर लिहिलं म्हणून चेंबूरकराला तो पहिला दिसेलच असं नाही. अंतर आडवं येतं. मग कुणी मेहुण्याच्या घरचा पत्ता टाकून दुसरी 'शाखा' थाटतं. ही हुशारी नियमात बसत नाही. पकडली गेली तर प्रोफाइलच बंद, आणि तेही ऐन मे महिन्यात!

त्यापेक्षा काम झालं की तिथल्या तिथे अभिप्राय मागावा. सवलतीचं आमिष मात्र नको, तेही नियमाबाहेरच. 'चेंबूर कॅम्पात आले, गळती दाखवली, मग गॅस भरला' हे एक वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा कामाचं.

आणि नकाशावरच्या अंतरावर फार विसंबू नये. शीवचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल 1 ऑगस्ट 2024 ला वाहतुकीसाठी बंद झाला, तेव्हा पलीकडची धारावीसुद्धा गाडीने वळसा घालून गाठावी लागली. नवा भाग निवडण्याआधी स्कूटरवरून एकदा तिकडे जाऊन यावं, शक्यतो संध्याकाळी सहाच्या सुमारास.