पत्त्यावरून ठरणारा ग्राहक

परदेशी समीक्षाग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्यांवर ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची एक ओळ छापलेली असते. साहित्याच्या अध्यापकांना ती नवी नाही. आमची निम्मी कपाटे अशाच पुस्तकांनी भरली आहेत. या ओळीमागचा विचार कोठवर जाऊ शकतो हे पाहायचे असेल, तर व्हिडिओ गेमच्या व्यवसायाकडे पाहावे. आमचे विद्यार्थी कादंबरीविषयी बोलावे तसे या खेळांविषयी बोलू लागले, तेव्हापासून आम्हीही तिकडे कुतूहलाने पाहत आहोत.

या व्यवसायाने जगाचे मुख्यतः तीन भाग पाडले : जपान, उत्तर अमेरिका आणि युरोप. यांत युरोपला दीर्घकाळ दुय्यम वागणूक मिळाली. तेथील दूरचित्रवाणी सेकंदाला ५० वेळा चित्र उमटवी, जपान-अमेरिकेतील ६० वेळा. १९९० च्या दशकात अनेक प्रकाशकांनी हा फरक भरून काढण्याचे कष्ट घेतले नाहीत. परिणामी तोच खेळ युरोपात एक षष्ठांशाने मंद चाले. ‘क्रोनो ट्रिगर’ हा १९९५ चा गाजलेला खेळ तर तेथे अधिकृतपणे पोहोचला तो २००९ मध्ये.

‘मदर ३’चे उदाहरण साहित्याच्या माणसाला अधिक जवळचे वाटेल. शिगेसातो इतोई हे जपानमधील नामवंत जाहिरात-लेखक व निबंधकार. त्यांनी लिहिलेला हा खेळ निन्टेन्डोने २००६ मध्ये जपानमध्ये प्रकाशित केला. एका कुटुंबातील आईचा मृत्यू, आणि पैसा व नव्या सुखसोयी शिरल्यावर गावाचे पालटत जाणे, हा त्याचा विषय. ग्रामीण कादंबरी शिकवणाऱ्यांना तो परका वाटू नये. इंग्रजी आवृत्ती मात्र निघाली नाही. अखेर क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक अनुवादकाच्या पुढाकाराने चाहत्यांनीच तो इंग्रजीत आणला आणि २००८ मध्ये विनामूल्य उपलब्ध करून दिला. कंपनीने आपला अनुवाद मोबदल्याशिवाय वापरावा, असेही मँडेलिन यांनी २०१३ मध्ये सुचवले. २०२४ मध्ये निन्टेन्डोने हा खेळ वर्गणीदारांसाठी पुन्हा आणला, तोही जपानपुरताच. संहिता होती, अनुवाद होता, वाचकही होते. आडवा आला तो प्रकाशकाचा निर्णय.

निर्णय प्रकाशकाच्या मर्जीवर न सोडताही काही साधते, हे ऑस्ट्रेलियाने दाखवले. ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणारी अमेरिकी कंपनी व्हॉल्व्ह पैसे परत मिळणार नाहीत असे ग्राहकांना सांगत असे. तेथील ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला. आपण ऑस्ट्रेलियात व्यवसायच करत नाही, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. दावा चालू असतानाच, २०१५ मध्ये, कंपनीने खेळ परत करण्याची सोय जगभर सुरू केली. योगायोग असो वा नसो, तिचा लाभ आमच्या विद्यार्थ्यांनाही मिळाला.

प्रत्येक भेद अन्यायकारकच असतो, असे मात्र आम्हांला वाटत नाही. रुपयांतली किंमत डॉलरच्या मानाने कमी ठेवली जाते, म्हणूनच अनेक विद्यार्थ्यांना खेळ परवडतात, जशा आम्हांला त्या स्वस्त आवृत्त्या. स्वस्ताईला कुंपण लागते, असा प्रकाशकांचा युक्तिवाद. युरोपीय आयोगाने तो आपल्या सामायिक बाजारपेठेपुरता अमान्य केला. पूर्व युरोपात घेतलेले खेळ इतरत्र चालू न दिल्याबद्दल व्हॉल्व्ह व पाच प्रकाशकांना २०२१ मध्ये एकूण सुमारे ७८ लाख युरो दंड झाला.

तेव्हा उत्पन्न पाहून किमतीत केलेला भेद आम्ही समजू शकतो. हक्कांतला भेद समजू शकत नाही. सदोष वस्तू मेलबर्नमध्ये जितकी सदोष, तितकीच नांदेडातही. भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. मोठ्या प्रकाशकांच्या भाषांच्या यादीत मराठीचे नाव सहसा दिसत नाही, आणि ते घालावे म्हणून कोणतेही न्यायालय दंड करणार नाही. अनुवादाच्या तासाला आम्ही मँडेलिन यांचे उदाहरण देतो ते याचसाठी. प्रकाशकाने ज्यांना ग्राहक म्हणूनही मोजले नव्हते, त्यांना एका अनुवादकाने वाचक मानले.